मधूच्या गालावरचा फोड

सुई गालात शिरली तसं मधूनं माझं मनगट आवळलं. मी त्याचं डोकं धरून उभा होतो. तेच माझं काम. मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा. शिक्षण सातवी. डॉक्टर फोडाच्या कडेकडेनं औषध टोचत होते. अशा इंजेक्शनाला भलेभले लाथा झाडतात. मधू हलला नाही. त्याला लग्न करायचं होतं.

मधू वेळणेश्वरकडचा. दोन हजार सालच्या आसपास आखातात गवंडीकाम करून परतला, तो गालावर फोड घेऊनच. दुखत नव्हता, खाजत नव्हता, पण भरतही नव्हता. मधे खड्डा, कडा उचललेल्या. गावानं ठरवून टाकलं, महारोग. आईनं त्याची थाळी वेगळी केली, अंथरूण पडवीत टाकलं. लग्नाची बोलणी थांबली.

डॉक्टरांनी आधी, महारोगात होते तशी, चामडी बधिर आहे का ते पाहिलं. नव्हती. मग फोडाची कड खरवडून काचपट्टी मुंबईला पाठवली. उत्तर आलं, लेशमानिया. त्यांनी मधूच्या आईला समजावलं, की तिकडे वाळूमाशी असते, डासाहून बारीक. ती चावली की अंगात जंतू सोडते आणि चावल्या जागी असा फोड होतो. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. म्हातारीनं मान हलवली आणि लांबच उभी राहिली.

औषध जिल्ह्यात नव्हतं. डॉक्टरांनी ओळखी काढून मुंबईहून मागवलं. मधू दर आठवड्याला यायचा. इंजेक्शननंतर तोंड सुजायचं आणि एसटीत माणसं त्याच्या शेजारून उठायची. म्हणून सूज उतरेपर्यंत मी त्याला माझ्या क्वार्टरवर न्यायचो. माझी बायको, सुमन, त्याला ऊन पेज वाढायची. चावता येत नसे ना.

पहिल्या दिवशी तो दारातच म्हणाला, "काकी, माजी थाली येगली ठेवा."

"हितं दोनच थाल्या हायत," ही म्हणाली. "एक यांची, एक माजी. माज्यात जेव."

तो जेवला. मग ही त्याच थाळीत जेवली. त्याच्यादेखत.

फोड भरला. खोलगट वण राहिला. मुलीकडच्यांना मधूनं सांगितलं, वेल्डिंगची ठिणगी उडाली. गवंड्याच्या गालावर वेल्डिंगची ठिणगी. डॉक्टर हसले. लग्न ठरलं, मुलगी सावर्ड्याची. लग्नाला जायचं म्हणून सुमननं ट्रंकेतली साडी काढून उन्हात टाकली.

मग त्याची आई आली. हातात पत्रिका नव्हती.

"तुमी येव नका," ती उभ्याउभ्या म्हणाली. "सोयरे इचारतील, दवाखान्यातल्या मानसाची वलख कशी."

"मधूला ठाऊक हाय, तुमी आलाव ते?" हिनं विचारलं.

"त्यानंच धाडलंन."

ही "बरं" म्हणाली आणि तिनं चहा टाकला. म्हातारी चहा न घेताच गेली. साडी परत ट्रंकेत गेली.

आता सुमन नाही. तिच्या दिवसांना सगळा बाजार येऊन गेला. मधूचं स्टँडजवळच सिमेंटचं दुकान आहे. तो आला नाही.

नव्या ड्रेसरांना एवढंच सांगतो. जखम नीट धुवा, पट्टी नीट बांधा. बरा झालेला माणूस ओळख ठेवील, हे कामात धरू नका. हिलाही मी हेच सांगायचो. ही म्हणायची, "भरला ना फोड? झालं तर."

घरात थाळ्या अजून दोनच आहेत. लागते एक.