मागच्या दाराचं घर

सासूबाई गेल्या आणि बाबांचं बसणं संपलं. बाबा म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत कामाला लागलेले, आणि गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून संसार उभा केलेला माणूस. आमचं घर दिंडोशीला, चौदाव्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीपासून निघायचं, स्वयंपाकघराच्या दाराशी पोचायचं, वळायचं, परत खिडकी. दिवसभर हेच. जेवताना चार घास खाल्ले की उठायचे, एक फेरी मारून यायचे, पुन्हा बसायचे.

"बाबा, टेका ना जरा," मी म्हणायचे.

"टेकतंय गो. पाय एका जाग्यार रवणत नाय," असं म्हणून पुढे चालू लागायचे.

मी घरून काम करते. मुलगा शिकायला बाहेरगावी, नवरा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. मी लॅपटॉपसमोर, आणि माझ्या पाठीमागे ती पावलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी इंटरकॉमवरून विचारलं, "तुमच्याकडे काही सामान सरकवताय का?" काय सांगणार? हळूहळू मीच कॉलवर बोलता बोलता उठून उभी राहायला लागले. रात्री पडल्यावर माझेच पाय अंथरुणात हलत राहायचे.

नवऱ्याला म्हटलं, "मोठं घर बघूया. जुनं असलं तरी चालेल, पण लांबलचक हवं."

"वेडी आहेस का गं? चालायला घर घ्यायचं?"

"मग कशाला घेतात?"

मी बघायला सुरुवात केली आणि मग मला त्याचं व्यसनच लागलं. रविवार आला की एखाद्या अनोळखी घराच्या दारात उभी. बोरिवली, घाटकोपर, वाकोला. लोकांची न्हाणीघरं बघायची, माळे बघायचे, खिडकीतून वाकून शेजारच्या बिल्डिंगचे पाइप बघायचे. एक घर पाहून जिना उतरताना मनात दुसरं सुरू झालेलं असायचं. एकही पसंत पडत नव्हतं आणि मला थांबवतही नव्हतं.

मुलुंड पूर्वेचं घर एजंटने दाखवलं तेही असंच, जाता जाता. झाडांची गल्ली, दोन मजल्यांची जुनी बिल्डिंग, तळमजल्यावरचा डावीकडचा फ्लॅट. दार उघडलं आणि मी पहिल्यांदा पाहिला तो पॅसेज. थेट पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ गेलेला. एका बाजूला ओळीने खोल्या, दुसऱ्या बाजूला उंच खिडक्या. पायाखाली गार, गुळगुळीत मोझॅक. मागचं दार अंगणात उघडत होतं आणि अंगणाला छोटं फाटक होतं. ते गल्लीत निघत होतं.

घराच्या मालकीणबाई एकट्याच राहायच्या. निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातलाच. मी त्यांना काकू म्हणू लागले. एजंटने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "घरात वाईट काय आहे ते आधी ऐका. चांगलं तुम्हाला दिसेलच. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते. किती वेळा प्लास्टर केलं तरी येते. पाणी सकाळीच येतं, टाकी भरून ठेवावी लागते. मांजरं आत येतात. आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी ओट्यावर काहीतरी कुटतात, ते पार खाली ऐकू येतं."

"रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, मॅडम," एजंट मध्येच बोलला. "आत्ता घेऊन टाका, नंतर झकास नवा फ्लॅट."

"जाईल तेव्हा जाईल," काकू म्हणाल्या. "वीस वर्षं जातेच आहे."

मी पॅसेजमधून चालत गेले आणि परत आले. कुणी बघत नाहीसं पाहून पुन्हा एकदा गेले. काकू बघत होत्या.

पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन गेले. सोबत त्याच्या ओळखीचा एक इंजिनिअर. तो हातोडी घेऊन कॉलम ठोकत फिरला, स्टुलावर चढून छताला बोटांनी टकटक केली. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. "इथे प्लास्टर फुगलंय, आत सळई गंजतेय. दुरुस्ती होईल. बिल्डिंग उभी राहील. सोसायटीला ती उभी ठेवायची आहे का, एवढं विचारून घ्या." नवरा कागद, कर, पार्किंग यांच्याबद्दल विचारत राहिला. मी स्वयंपाकघरात कडाप्प्याच्या ओट्याला टेकून त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होते. घरी येताना तो म्हणाला, "घर चांगलंय." मग सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, "पण आपला फ्लॅट विकून हे घ्यायचं आणि दोन वर्षांनी पाडलं तर? बाबांना घेऊन पुन्हा भाड्याच्या घरात?"

"बाबांना एकदा दाखवूया तर."

तिसऱ्या खेपेला बाबांना नेलं. पांढरा सदरा, केसांना तेल, समारंभाला निघाल्यासारखे. आत शिरले आणि कुणाशी न बोलता सरळ पॅसेजमधून चालत गेले, मागच्या दाराला हात लावून वळले. आले. गेले. काकूंनी चहा टाकला. मी आनंदात होते. नवऱ्याला खुणेनं म्हटलं, बघ. आम्ही तिघं हॉलमध्ये बसून सोसायटीच्या मीटिंगबद्दल बोलू लागलो. बिल्डरची माणसं दोनदा येऊन गेली होती, वरच्या मजल्याची संमती अडली होती. बोलता बोलता कपातल्या चहावर साय धरली.

पावलं थांबली होती. कधी थांबली, कुणालाच कळलं नव्हतं.

मागचं दार उघडं होतं. फाटकही.

नवरा गल्लीत एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून तीन रस्ते फुटत होते. दिंडोशीला निदान लिफ्ट होती, गेटवर वॉचमन होता. इथे काहीच नव्हतं, नुसते रस्ते. मी परत फिरले तर समोरून नवरा घामाघूम येत होता. "तुला हौस होती ना मोठ्या घराची!" तो भर रस्त्यात ओरडला. मी तशीच गेटकडे धावले.

काकू मात्र गेटपाशीच उभ्या होत्या. मान वर करून त्यांनी हाक मारली, "वहिनी! पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा दिसले का हो?"

वरून उत्तर आलं, "मघाशी फाटकातून गेले की! उजवीकडे वळले."

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "इस्त्रीवाल्यापाशी थांबले होते." इस्त्रीवाला म्हणाला, "भाजी मार्केट विचारत होते." भाजीवालीने आम्हाला पाहताच पुढे बोट दाखवलं. "मासळीकडे गेले तेच ना? कधीचे तिथेच आहेत."

बाबा एका कोळणीसमोर उकिडवे बसले होते. हातात मासा, त्याचा कल्ला बोटाने उघडून बघत होते. आणि वाद जोरात चालला होता.

"ह्यो ताजो नाय. माका शिकवतंस काय गो?"

"घ्यायचा नाय तर ठेवा ना काका!" ती म्हणत होती, पण हसत होती.

नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, न सांगता कुठे गेलात? हरवला असता तर?"

"मी खय हरवलंय? हयच आसंय." बाबांनी मासा टोपलीत ठेवला आणि दुसरा उचलला. "सौंदाळे आसत. तुझ्या आवशीक आवडतत. घेवन जाऊया. ती वाट बघत आसतली."

आईचा उल्लेख ऐकून नवऱ्याचा हात बाबांच्या खांद्यावरच राहिला. कोळणीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग काही न विचारता सौंदाळे साफ करून पिशवीत घातले. परतताना बाबा पुढे चालत होते, पिशवी हलवत, अगदी खुशीत. आम्ही दोघं मागे. नवऱ्याने माझा हात धरला होता. रस्त्यात तो कधी हात धरत नाही.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते आम्हाला त्या मासळी बाजारातच कळलं होतं. विसरायला सुरुवात झाली होती. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या फेऱ्यांमध्ये ते प्रत्येक वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आत डोकावायचे. मला वाटायचं, जेवणाला किती वेळ आहे ते बघतात.

मग घरात भांडणं. "त्या घराला दारं फार आहेत," नवरा म्हणायचा.

"आणि इथे कोंडून ठेवायचं? लिफ्टपाशी जाऊन बटणं दाबत उभे असतात, ते बघितलंस?"

"इथे निदान खाली वॉचमन आहे."

"तिथे अख्खी गल्ली होती. दहा मिनिटांत सापडले ना?"

"आणि नसते सापडले तर?"

माझं म्हणणं खरं होतं, त्याचंही. मी दुसरी घरं बघणं सोडून दिलं, पण चैन पडेना. काम करता करता त्या पॅसेजमध्ये जाऊन यायचे, मनातल्या मनात.

थोड्या दिवसांनी काकूंचाच फोन आला. सोसायटीची मीटिंग झाली होती, अडलेली संमती मिळाली होती. "घर विकत नाही मी आता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही घेऊही नका. वर्षा-दोन वर्षांत पडणार. माझी मुलगी पुण्याला बोलावतेय, मी जाते. पण तोवर घर बंद ठेवून त्या ओलीला आंदण देऊ का? तुम्ही भाड्याने या. आजोबांना चालू दे."

"आणि मागचं दार?" मी विचारलं.

"त्याचा मी विचार केलाय."

आम्ही राहायला गेलो तेव्हा मागच्या दाराला वर एक पितळी घंटा लावलेली होती. दार उघडलं की वाजणारच. काकूंनी जाताना गल्लीतल्या एकेकाशी आमची ओळख करून दिली. इस्त्रीवाला, वरच्या वहिनी, भाजीवाली. "हे आजोबा. एकटे दिसले तर थांबवायचं नाही, घाबरतात. बोलत राहायचं आणि घरी कळवायचं." वर्गात सूचना द्याव्यात तसं.

नवऱ्याने आमच्या दिंडोशीच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू ठेवला. मनातून त्याला हे पटलेलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. घंटा वाजली की तो हातातलं ताट ठेवून उठतो. माझंही तेच. मात्र मी आता बाबांना अडवत नाही. कानात इयरफोन घालते, पायात चप्पल सरकवते आणि मागून चालू लागते. ऑफिसच्या कितीतरी मीटिंगा मी मुलुंडच्या गल्ल्यांमधून केल्या आहेत. मध्येच कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडे कुत्रा भुंकतोय का?" मी हो म्हणते. बाबा कोपऱ्यावर थांबून मागे बघतात, मी आहे ना याची खात्री करतात, आणि वळतात. कधी मला ओळखतात, कधी सासूबाईंच्या नावाने हाक मारतात. मी ओ देते.

रात्री ते झोपतात. आधी झोपत नसत. माझे पाय मात्र अजून शांत नाहीत. इथून पुढे कुठे, हा विचार उशाशी असतोच.

गेल्या आठवड्यात बिल्डरची दोन माणसं मोजणीला आली. हातातलं यंत्र भिंतीला लावायचं, लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा, आकडा लिहून घ्यायचा. खोलीमागून खोली. बाबा त्यांच्या मागोमाग हिंडत होते.

"तुमका घर व्हया?" त्यांनी एकाला विचारलं, जणू ती माणसं घर घ्यायला आली होती.

तो गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला.

"बघा, बघा," बाबा म्हणाले. "बरा आसा घर. हवा येता." आणि त्याचा दंड धरून त्याला खिडकीपाशी घेऊन गेले.