पाच नंबरचं ब्रेक ऑइल

टॅक्सी स्टँडवर त्याला सगळे सावकाश म्हणत. ताशी चाळीसच्या वर गाडी नेणं त्याला उधळपट्टी वाटे. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून मध्येच उतरलं, चालत निघालं आणि त्याच्या आधी पोचलं, असं स्टँडवर सांगतात. ही अतिशयोक्ती आहे. दोघे बरोबरच पोचले.

अशा माणसाने ब्रेकची एवढी काळजी करावी याचं नवल वाटेल. पण गाडी अठ्ठावीस वर्षांची होती आणि सोमवारी तिची तपासणी होती. पास झाली तर आणखी दोन वर्षं परवाना, नापास झाली तर थेट भंगार. या वयात त्याच्या हाती दुसरी गाडी कोणी देणार नव्हतं आणि दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

तेल काळं पडलंय, बदलून घ्या, असं गॅरेजच्या मेस्त्रीने बजावलं होतं. क्लच आणि ब्रेक, दोन्हींचं तेल एकाच डबीतून जातं. तेव्हा डबीच्या टोपणावर जो नंबर असेल तोच आणा, हेही सांगितलं होतं. पण सावकाशने ते टोपण अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी फडक्याने पुसलं होतं, तेही इतक्या मायेने की त्यावरचं अक्षर न् अक्षर नाहीसं झालं होतं. पुन्हा मेस्त्रीला विचारायची त्याला लाज वाटली.

दुकानदाराने तीन, चार आणि पाच नंबरच्या बाटल्या समोर मांडल्या. सावकाश शाळेत खालच्या तुकडीत, स्टँडवर मागच्या रांगेत. एकदा तरी गाडीला वरचं काही घालू, म्हणून त्याने पाच नंबर उचलला. त्याचा जांभळा रंगही त्याला भारदस्त वाटला.

रविवारी दुपारी बायको पेडलपाशी बसली आणि हा जुनं तेल बाहेर काढायला चाकापाशी आडवा झाला.

“दाब.”

“दाबलं.”

“जोरात. आणि धरून ठेव.”

“धरलंय हो. लग्नापासून धरूनच बसलेय.”

“सोड आता.”

“सोडून जाऊ कुठे?”

तिने दर वेळी पेडल पार तळाला टेकवलं. बाटली संपली तेव्हा जुनं तेल निम्मं आतच होतं; पण वरच्या नंबरच्या संगतीत तेही सुधारेल, अशी त्याची समजूत.

सोमवारी सकाळी क्लच दाबूनही गिअर करकरला. ब्रेकवर पाय ठेवला, तर तो भिजलेल्या उशीत जावा तसा आत गेला. दोन शेजाऱ्यांनी गाडी ढकलत मेस्त्रीकडे नेली. वेग नेहमीचाच होता.

मेस्त्रीने टोपण उघडलं. वर जांभळं, खाली काळपट. एका घरात राहून बोलणं टाकलेल्या जावांसारखं. पाच म्हणजे चारची पुढची पायरी नव्हे, मेस्त्रीने सांगितलं. तो प्रकारच वेगळा, या तेलात मिसळतच नाही.

“धुऊन निघेल ना?”

“तेल निघेल हो, सावकाशराव. पण पेडल तळापर्यंत दाबलंत. आतली जुनी रबरं जिथे कधी गेली नव्हती, त्या गंजक्या भागावर घासून फाटली. आणि या गाडीची रबरं आता कोणी बनवत नाही.”

तरी मेस्त्रीने तीन गोदामांत फोन केले. तिसरा गोदामवाला गाडीचं नाव ऐकून आधी हसून मोकळा झाला, मग नाही म्हणाला.

तपासणीला गाडी दोरीने ओढत नेली. साहेबाने ब्रेकवर एकदाच पाय ठेवला आणि नापासाचा शिक्का मारला. माणूस भला होता. सावकाशला बसायला खुर्ची दिली.

घरी बायको दारातच उभी होती. “मी फार जोरात दाबलं का हो?”

“तू मी सांगितलं तसंच दाबलंस. तेल मीच चुकीचं आणलं.”

सगळ्या संसारात त्याने पहिल्यांदाच चूक कबूल केली होती. एरवी तिने ही बातमी चारही मजल्यांवर फिरवली असती. आज तिने आत जाऊन चहा टाकला.

भंगारवाला बुधवारी येणार होता. तोवर गाडी इमारतीखाली उभी होती. मंगळवारी सकाळी सावकाश नेहमीच्या वेळेला उतरला आणि दुसरं काही सुचेना म्हणून गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसला. एक बाई दार उघडून मागे बसली आणि स्टेशनला घ्या म्हणाली.

गाडी बंद आहे, एवढं सांगायला त्याला फार वेळ लागला.