रुसून गेलेली ट्रॉली

सोयाबीनच्या पोत्यांचा तो धुळकट वास आला की मला कारंज्याच्या बाजारातली एक दुपार आठवते. माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना फाटकावर टोकन देणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं आणि मी नि माझी मैत्रीण तिथल्या ऑफिसात ते तपासत बसलो होतो. फाटक, लिलाव, काटा असे गोल काढून आम्ही ते बाणांनी जोडले होते, आणि त्या आकृतीतल्या सगळ्या वाटा कॉम्प्युटर आपोआप चालून बघत होता. बाकी वाटा हिरव्या झाल्या, एकच लाल राहिली. तिच्यात एक गाडी लिलाव सोडून फाटकाबाहेर गेली आणि परत आली, तर सॉफ्टवेअर तिला आत घेईना. "असं कोन करते वं? काढून टाक तो बाण," मैत्रीण वैतागली. मी काढणारच होते, तेवढ्यात खिडकीखालून माझ्या काकांची भरलेली ट्रॉली फाटकाकडे निघालेली दिसली. "काका, माल न इकताच चालले?" मी ओरडले. "भाव नाई पटला. इथंच उभा राह्यलो तं व्यापाऱ्याले वाटन, याले लय गरज हाय! व्याह्याकडं जेवतो अन् येतो." आम्ही दोघी पोट धरून हसलो, बाण तसाच ठेवला आणि सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. काका जेवून आले, सकाळी न पटलेल्या त्याच भावात सोयाबीन विकून खुशीत घरी गेले. आता पुण्यात कुठल्याही कामाची आकृती काढताना मी रुसून जाणाऱ्याची वाट आधी काढते, आणि त्याच्या परत येण्याची लगेच.