दुप्पट ओढणीची लेस

झुल्मा नाकावर माशी बसू द्यायची नाही. ब्रुग्जच्या त्या गल्लीत लेस विणणाऱ्या बायका ढिगाने होत्या, पण दारात लेस विणायची उशी मांडीवर घेऊन बसलेल्या झुल्माला "किती झालं गं?" असं विचारायची एकीचीही छाती नव्हती. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. "का? तुला लग्न करायचंय?"

तिचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. आई डोळ्यांनी अधू झाली तेव्हा तिच्या लेसच्या दोऱ्याच्या कांड्या झुल्माने हातात घेतल्या, आणि मग त्या कधी खाली ठेवल्याच नाहीत. धाकटी बहीण एमरन्स संसाराला लागली, तिला लुटगार्ट झाली, ती शिकून शाळेत मास्तरीण झाली. झुल्मा आपली उशी, टाचण्या आणि सकाळची काळी कॉफी धरून बसली होती. पण भाचीवर तिचा जीव होता, हेही खरं.

लुटगार्टचं ओडिलोनशी ठरलं तेव्हा झुल्माने जाहीर करून टाकलं, "ओढणीला लेस माझी. बाजारातली चिंधी लावाल तर लग्नाला येणार नाही."

ओढणीची जाळी गेंटहून आली, कापलेली, बंद डब्यात. डब्यावर लिहिलं होतं, गोल, तीन चौरस मीटर. एमरन्सची स्वतःची ओढणी होती अशीच गोल, दीड चौरस मीटरची, आणि तिला आईने विणलेली लेस होती सव्वाचार मीटरहून जरा जास्त. डबा उघडून काठ मोजायचा प्रश्नच नव्हता. आई सांगून गेली होती, लेस पुरी व्हायच्या आत ओढणीची घडी मोडली, तर संसाराची घडी मोडते. झुल्माने बोटांवर हिशेब केला. कापड दुप्पट, म्हणजे लेस दुप्पट. पावणेनऊ धरा.

लग्न ईस्टर झाल्यावर लगेच ठरलं होतं. पण थंडीत एमरन्सचं दुखणं वाढलं. तिला जिना चढवेना, पायांना सूज आली. डॉक्टर काही नीट बोलेनात, आणि डॉक्टर नीट बोलेनासे झाले की माणसाने काय ते ओळखावं. एमरन्सचा एकच धोशा होता. "ताई, मला पोरीचं लग्न बघायचंय. बाकी काही नको."

ईस्टरला लेस साडेसहा मीटर झाली होती.

"अगं, आहे तेवढी लाव ना," एमरन्स म्हणाली. "मागच्या बाजूला नसली तर कोण बघतंय?"

"आई बघतेय वरून!" झुल्मा कडाडली. "अर्धवट लेस? माझ्या हातची? लोक शेण घालतील तोंडात. शरदात करू लग्न. तू कुठे पळून चाललीयेस?"

एमरन्स नुसती हसली. ऑगस्टमध्ये ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, की आता लग्न आणखी पुढे ढकलू नका.

सप्टेंबरात पावणेनऊ मीटर पुरे झाले. शिवणकाम करणारी इर्मा आली, टेबल पुसून काढलं, डबा उघडला. लुटगार्टने घडी मोडली. इर्मा टाचण्या तोंडात धरून काठाला लेस टाचत टेबलाभोवती फिरू लागली. फिरता फिरता सुरुवातीला येऊन टेकली आणि थांबली. तिच्या हातातली लेस टेबलावरून खाली लोंबत होती, तिथून जमिनीवर, आणि जमिनीवर तिचा ढीग पडला होता.

"हे काय गं?" इर्मा टाचण्या काढून म्हणाली. "अडीच मीटर तरी उरलीये!"

"तू चुकलीस. पुन्हा टाच."

इर्माने पुन्हा मोजलं. तेवढंच.

"कापड खोटं आहे!" झुल्मा ओरडली. "गेंटचे लबाड! तीन म्हणून दोन दिलंय."

लुटगार्टने इर्माचा खडू घेतला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आकडे मांडले. "तिनाला ‘पाय’ने, म्हणजे ३.१४ने भागायचं. त्याचं वर्गमूळ काढायचं, ती झाली त्रिज्या. तिची दुप्पट करून पुन्हा पायने गुणायचं." ती थांबली. "सहा मीटर चौदा सेंटीमीटर. कापड बरोबर आहे, मावशी."

"असं कसं? कापड दुप्पट, तर काठ दुप्पट नको?"

"धिरड्याचं पीठ दुप्पट घातलंस तर कड दुप्पट होते का?"

झुल्माने उभ्या जन्मात हजारो धिरडी घातली होती. एका डावाचं धिरडं, दोन डावांचं धिरडं. तिने डोळे मिटले आणि तवा बघितला. नाही होत. जरा मोठं होतं, बस. दुप्पट कुठलं! अगं माझ्या मारीमाते! ती मटकन खुर्चीत बसली.

"जाऊ दे, चुण्या घालून लपवू," इर्मा घाईने म्हणाली. "उलट भरगच्च दिसेल."

लुटगार्ट खडू हातात धरून उभीच होती. पांढरीफटक. "मावशी, ईस्टरला किती झाली होती?"

झुल्मा जमिनीवरची लेस गोळा करू लागली.

"सांग ना. किती होती?"

"साडेसहा."

खडू खाली पडला. लुटगार्ट म्हणाली, "मी हे पोरांना शिकवते गं. दर वर्षी. आणि मला एकदाही तुझा हिशेब विचारावासा वाटला नाही."

"मी विचारू दिलं असतं?"

"नाही." लुटगार्ट वळली. "इर्माबाई, कापा ती. मला चुण्या नकोत, जास्तीची लेस नको. मला आई हवी होती."

इर्माने झुल्माकडे बघितलं. झुल्माने मान हलवली, तेव्हा तिने कात्री चालवली.

शनिवारी चर्चमध्ये लुटगार्टने मावशीला पहिल्या बाकावर, आईच्या जागी बसायला सांगितलं. झुल्मा बसली नाही, मागे खांबापाशी उभी राहिली. ओढणी देखणी दिसत होती. ओस्टेंडहून आलेली ओडिलोनची म्हातारी आत्या तिच्याजवळ सरकली.

"तुम्हीच ना विणलीत? बाई बाई, काय हात आहे! केव्हा पुरी झाली हो?"

"ईस्टरला," झुल्मा म्हणाली.

"अगोबाई! मग थांबलात कशाला?"