माझा पुसलेला ठिपका

आकाशगंगेच्या मध्याकडे धूळ इतकी, की मोठ्या दुर्बिणीतूनही डोळ्यांना काही दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र त्यातून आरपार येतात. तिथल्या काही म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीचा वायू या लहरी आपसूक प्रखर करून सोडतो; त्याला मेझर म्हणतात. नकाशावर प्रत्येक मेझर म्हणजे एक ठिपका. या ठिपक्यांपायी मी तरुणपण घालवलं, आणि त्यातला एक माझ्या गाइडने सगळ्यांसमोर पुसला.

"हा मेझर नाही, शेजारच्या ठिपक्याची घाण आहे," म्हणून हसलाही होता. प्रखर ठिपक्याभोवती खोटे ठिपके उमटतात, हे खरं. पण हा खोटा नव्हता. मी भांडले, प्रबंध अडकेल असं त्याने म्हटल्यावर गप्प बसले.

यंदा धानाच्या कापणीला सानगडीला, घरी आले होते. तेव्हाच एका नियतकालिकाने एक शोधनिबंध मत द्यायला पाठवला. निबंध त्या गाइडचाच! त्याच्या नव्या नकाशात माझा ठिपका जागच्या जागी होता, आणि खाली लिहिलेलं: प्रथमच आढळलेला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मत देणाऱ्याचं नाव लेखकाला कळत नाही. त्याचंच ते घाणीचं वाक्य लिहायचं, की निबंध परत. मी टाइपही केलं. काय गोड वाटलं म्हणून सांगू! मग लक्षात आलं, त्याला बुडवायचं तर माझाच ठिपका मला खोटा ठरवावा लागणार.

आई जेवायला बोलावून थकली होती. "काहून वो, कोनावर दात खाऊन राहिली?"

सगळं सांगितलं.

"शेजाऱ्यानं आपल्या वावराचा धुरा कोरून बांध सरकवला, तवा म्या वावर आपलं नाही म्हनलं का? धुऱ्यावर उभी राहून गाव गोळा केला."

मी वाक्य खोडलं. ठिपका खरा आहे, असं लिहिलं. माझा पहिला नकाशा जोडला, त्यातला ठिपका कोणी पुसला तेही लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. नाव घालायची रीत नाही. पण कोणी मारलं, ते त्याला कळायलाच हवं होतं.

निबंध छापून आला. 'प्रथमच' गेलं होतं, त्या जागी माझ्या नकाशाचा उल्लेख. आईला फोन केला.

"माफी मांगली का त्यानं तुले?"

"नाही."

"मंग?"

खरंच, माझं समाधान झालेलं नाही. त्याच्या नकाशात अजून पुष्कळ ठिपके आहेत. एकेक तपासायला घेतला आहे.