दोन रंग तर हायेत की!

विश्वनाथ गुरुजी नसते, तर आमच्या घराण्यात कुणी पदवीधर झाला नसता आणि आमच्या अंगणात तिरंगाही उगवला नसता. पदवीधर झाला. तिरंगाही उगवला. फक्त गुरुजी बघायला आले तेव्हा तो जागेवर नव्हता.

झरीच्या शाळेत मी खिडकीशी बसायचो. फळ्यावर गुणाकार चाललेला असायचा आणि मी बाहेरच्या ज्वारीच्या रानावरून कुठल्या कुठे गेलेला असायचो. दुसऱ्या कुणी माझा कान पिळला असता. गुरुजी म्हणाले, "बाहेरच बघायचंय ना? मग बाहेर जा, झाडांना पाणी घाल." मी आनंदानं गेलो, तर हे खिडकीत उभे राहून मला गुणाकार विचारायला लागले! माझं अर्धं प्राथमिक शिक्षण असं गजांतून झालं. पुढे दहावीनंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, मला शेतात घालायला निघाले. तेव्हा गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि अण्णा हो म्हणेपर्यंत उठलेच नाहीत. (मध्ये मायनं त्यांना जेवू घातलं, म्हणून त्यांचा निर्धार टिकला.) मी परभणीला कॉलेजात निघालो तेव्हा ते एवढंच बोलले, "स्वप्नं बघायला माझी ना नाही रे. पण एखादं तरी उगवून दाखव."

आता गुरुजी पाथरीला मुलाकडे असतात. गुडघ्यांनी त्यांचं फिरणं बंद केलंय. गेल्या डिसेंबराच्या सुरुवातीलाच त्यांचा फोन आला, "सव्वीस जानेवारीला शाळेनं झेंडावंदनाला बोलावलंय. येतो. नंतर तुझ्याकडे न्याहारी. पुढच्या वर्षी गुडघे येऊ देतील असं वाटत नाही."

फोन ठेवला आणि मी थेट खिडकीबाहेर गेलो! म्हणजे मनानं. मला आमचं अंगण दिसलं. धुकं पातळ होतंय, गुरुजी ओट्यावर बसलेत, आणि समोर फुलांचा तिरंगा हळूच वाऱ्यावर हलतोय. गुरुजी चष्मा पुसतायत. "उगवलं रे!" म्हणतायत. मी लाजतोय. एवढ्यात बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, दूध उतू चाललंय."

केशरीसाठी झेंडू, पांढऱ्यासाठी शेवंती, चक्रासाठी निळ्या गोकर्णाची एक कुंडी. घोडं अडलं ते हिरव्यापाशी.

"हिरवं फूल असतंय का रं कुठं?" अण्णांनी विचारलं.

मी पदवीधर आहे, त्यामुळे लगेच नाही म्हणालो नाही. परभणीच्या एका नर्सरीत जाऊन विचारलं. नर्सरीवाला हातातली झारी खाली ठेवून म्हणाला, "साहब, आपको कोबी दिखाऊँ क्या?"

शेवटी तोड मायनं काढली. "मेथी टाक की. हिरवीगार येती. अन् फूल नसलं तर काय झालं, झेंड्याला वास कुठं असतोय?" या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही, पण मेथी टाकली. रस्त्याच्या बाजूला मेथीचा वाफा, त्याच्या मागे शेवंतीच्या कुंड्या, घराला लागून झेंडूच्या. कुंड्या म्हणजे काही कुंड्या, काही तेलाचे डबे आणि एक फुटका हंडा. मेथी चांगली वितभर झाली. मी रस्त्यावर उभा राहून बघितलं. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा! डोळे भरून आले.

अण्णा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. "बाळू," ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी कुठं बसणार हायेत?"

"तुमच्या शेजारी, ओट्यावर."

"मग हितं येऊन बग."

मी गेलो. बसलो. समोर बघितलं. हिरवा वर, केशरी खाली. मी प्रजासत्ताक दिनासाठी उलटा झेंडा पेरला होता!

"गुरुजींची खुर्ची रस्त्यावर टाकू," मी म्हणालो.

"ज्यानं तुला शिकवलं त्याला रस्त्यावर आणतोस व्हय रं?"

"मग पट्टे उभे करू."

"उभे केले तर दुसऱ्याच देशाचा झेंडा होतो," सुनंदा म्हणाली. (ती बारावीला भूगोलात पहिली होती. हे ती वारंवार सांगते.)

कुंड्या उचलता येतात, मेथी उचलता येत नाही. झेंडू रस्त्याकडे नेला आणि घराच्या बाजूला नवी मेथी टाकली. जुनी मेथी काढावी लागली. ती आम्ही आठवडाभर खाल्ली: भाजी, पराठे, वरण. माय खूश होती. "आणखी एकदा उलटा झाला तरी चालंल बग!"

मग मी रोज सकाळी उठून राखण करायला लागलो. जानेवारीतली आमच्याकडची थंडी म्हणजे तोंडातून शब्दाआधी वाफ निघते. दवात भिजलेला झेंडू, अर्धी उमललेली शेवंती, आणि धुक्यात कडा पुसलेलं सगळं अंगण. त्या धुक्यात मला गुरुजी रोज येताना दिसायचे. एकदा तर मी उठून उभा राहिलो, दूधवाला निघाला.

घरात सक्त ताकीद दिली होती, "फुलांना कुणी हात लावायचा नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

सव्वीस जानेवारीला सोमवार निघाला. शाळेत झेंडा वर गेला, फडकला, पाकळ्या खाली पडल्या. मी गुरुजींच्या कानात म्हणालो, "घरी आणखी एक आहे." गुरुजी हसले. मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी इतकी हळू चालवली, की शेळ्या आम्हाला ओलांडून गेल्या.

अंगणात शिरलो. समोर कुंड्या होत्या. कुंड्यांत काड्या होत्या. घराच्या बाजूला मेथीचे बुडखे होते.

मी मायला बाजूला घेतलं. "शेवंती कुठंय?"

"महादेवाला वाहिली. सोमवार न्हाई का? अन् गुरुजींचे गुडघे लय दुखायलेत म्हणत होतास. म्हणून सगळीच वाहिली. गोकर्ण बी."

"माय, हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"ते माणसांसाठी. देवाला कोण न्हाई म्हणतंय? अन् एक रंग गेला तर काय होतंय, दोन रंग तर हायेत की!"

तेवढ्यात अण्णा आतून आले. हातात हार. झेंडूचा. पोटापर्यंत लोंबणारा. "दारात एवढी फुलं असताना गुरुजींना काय इकतचा हार घालावा? म्हणलं एकच रंग तर काढायलोय, दोन रंग तर हायेत की!"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. फोडणीचा खमंग वास आला. सुनंदा पदराला हात पुसत म्हणाली, "असं काय बघताय? गुरुजींना मेथीची भाजी आवडते, तुम्हीच सांगितलं होतं. मला वाटलं..."

"दोन रंग तर आहेत," मी म्हणालो.

"हो ना!"

गुरुजी ओट्यावर बसले. अण्णांनी हार घातला. मायनं महादेवाचा प्रसाद म्हणून फुलं आणून त्यांच्या ओंजळीत दिली. पुढ्यात पाटावर ताट आलं. सुनंदानं मोबाइलवर फोटो काढला. मी मात्र त्या काड्यांकडे बघत होतो. शेवटी म्हणालो, "गुरुजी, खरंच उगवला होता हो... सकाळी मी निघेपर्यंत होता..."

गुरुजी भाकरी मोडता मोडता खूप वेळ हसत राहिले. दुपारी त्यांना एसटीत बसवलं तेव्हा खिडकीतून म्हणाले, "दिसला बरं का रे." मला वाटलं, माझी समजूत काढतायत. बस धुरळ्यात दिसेनाशी झाली तरी मी तसाच उभा होतो.

आठ दिवसांनी सुनंदानं तो फोटो छापून आणला. मग मी हे पत्र लिहिलं.

*तीर्थरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार.*

*सोबत फोटो पाठवतोय. तुमच्या गळ्यात झेंडू आहे. त्याखाली ओंजळीत पांढरी शेवंती, आणि शेवंतीच्या बरोबर मधे एकच निळं गोकर्ण, मायनं मुद्दाम ठेवल्यासारखं. त्याखाली ताटात मेथी. केशरी वर, हिरवा खाली. दीड महिना मी खपलो तरी जमला नव्हता इतका सरळ. तुम्ही "दिसला" म्हणालात ते खरंच होतं. माझ्या घरच्यांनी एकमेकांना न विचारता तो तुमच्यावरच लावला होता.*

*माय विचारतीय, गुडघ्यांना उतार आहे का? नसला तर पुढच्या सोमवारी पुन्हा शेवंती वाहीन म्हणते. पुढच्या वर्षी तुम्हाला न्यायला जीप घेऊन येतो. मेथी कुठल्या बाजूला टाकायची ते अण्णा ठरवतील.*

*फोटोत डाव्या कडेला, सगळे तुमच्याकडे बघत असताना तोंड वळवून बाहेर बघत बसलेला जो इसम दिसतो, त्याला आपण ओळखलं असेलच. तो अजून खिडकीशीच बसतो.*

*आपला विद्यार्थी,*
*बाळू (बी.ए.)*