कपाळावरचा पट्टा

ओतकाम कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. छताला टेकलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून ती बावीस वर्षं वितळलेल्या लोखंडाची भांडी भट्टीपासून साच्यांपर्यंत नेत होती, आणि खाली कुणी हेल्मेट काढून डोकं खाजवलं तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. जिभेची तिखट, पण भाचीपुढे लोणी. बहीण गेल्यावर ती पोर तिनेच पोटच्या मुलीसारखी वाढवली.

भाची आता संशोधन करत होती. एके दिवशी छोटा कॅमेरा लावलेला पट्टा घेऊन ती कारखान्यात आली.

"मावशी, आपण एका जागी टक लावून बघतो ना, तेव्हाही डोळे स्थिर नसतात. आपल्या नकळत बारीक हिसके देत असतात. डोक्यावर ताण आला की त्या हिसक्यांची चाल बदलते. ती मोजायची."

"म्हणजे माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुला दिसणार? मग संपलंच!"

"काय चाललंय ते नाही गं. ओझं किती आहे, तेवढंच."

बाकीचे सहा क्रेनवाले मात्र बिचकले. त्यांत तात्या सर्वांत जुने. घारीला क्रेन शिकवली ती त्यांनीच. "हे आकडे उद्या साहेबांच्या टेबलावर गेले म्हणजे?"

"नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. माझी भाची आहे, तात्या. माझ्या शब्दावर पट्टा घाला."

त्यांनी घातला. सगळ्यांनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या आणि तीन आठवडे कपाळाला पट्टा बांधून काम केलं.

महिन्याभराने मॅनेजरने घारीला बोलावून कौतुक केलं; सर्वांत चांगले आकडे तिचे होते. त्याच दमात त्याने सांगितलं, की तिघांना क्रेनवरून उतरवून भांडारात पाठवतोय. पहिलं नाव तात्यांचं. कुठला नंबर कुणाचा, हे ड्युटीच्या तक्त्याशी ताडून काढायला अर्धा तासही लागला नव्हता.

घारीला आठवलं, त्याच तीन आठवड्यांत तात्यांची बायको दवाखान्यात होती. ओझं होतंच त्यांच्या डोक्यावर, पण ते क्रेनचं नव्हतं.

कामाच्या कपड्यांतच तिने भाचीचं घर गाठलं.

"तू आकडे त्यांना दिलेस?"

भाचीने लॅपटॉप मिटला. "त्याशिवाय त्यांनी मला आत येऊच दिलं नसतं. तुम्ही सह्या केलेल्या कागदातही तसं होतं, मावशी. दुसऱ्या पानावर."

"ते पान मी वाचलं नाही."

"का नाही वाचलंस?"

"तू आणलं होतंस म्हणून."

भाचीने लॅपटॉप बाजूला सरकवला.

"तक्ता जुळवून ते माणसं ओळखतील, हे तुला सुचलं नाही?"

भाची म्हणाली, "सुचलं होतं." आणि रडायला लागली. एरवी ती रडली की घार हातातलं काम टाकून धावायची. आज ती दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरपुढे अर्ज ठेवला: या तिघांची पट्ट्याशिवाय, क्रेनवर परीक्षा घ्या, नाहीतर मीही उतरते. एकदम चार क्रेनवाले आणायचे कुठून? मॅनेजरने तोंड वाकडं केलं, पण परीक्षा घेतली. तात्यांनी भरलेलं भांडं साच्याच्या तोंडावर असं झुकवलं, की एक थेंब इकडेतिकडे झाला नाही. तिघेही पास झाले. दोघे आपापल्या केबिनमध्ये परतले. तात्यांनी मात्र आपण भांडारातच राहतो, असं लिहून दिलं.

जेवणाच्या सुट्टीत घार त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तात्या, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"ठाऊक आहे मला," हातमोज्यांच्या जोड्या लावत ते म्हणाले. "म्हणून तर तुझ्याशी भांडताही येत नाही." आणि पाठ फिरवून ते कपाटाकडे गेले.

भाचीचे फोन येत राहिले. घार उचलायची, जेवलीस का एवढं विचारायची आणि ठेवून द्यायची. आपल्या घराची तिच्याकडे असलेली किल्ली मात्र तिने परत मागून घेतली.